उंबऱ्याबाहेरचा हात

नागपूर जिल्ह्यात, कुहीपासून आत असलेल्या त्या गावात ग्रामसभेचे हात मोजावेत ते शालिकरामनंच, असा बत्तीस वर्षांचा शिरस्ता होता. सरपंच सात झाले, ग्रामसेवक किती आले आणि बदलून गेले याची गणती नाही. चपराशी मात्र तोच. मोजायची त्याची रीतही ठरलेली. डाव्या खिशात लाखोळीचे, म्हणजे लाखेच्या डाळीचे, मूठभर दाणे घ्यायचे, रांगांतून चालत प्रत्येक उभ्या हाताला बोट लावायचं आणि दर हाताला एक दाणा उजव्या खिशात टाकायचा. मग सगळ्यांदेखत टेबलावर ओतून मोजायचे. डोळे फसतात, खिसा फसत नाही, असं त्याला आधीच्या चपराशानं शिकवलं होतं.

मोजणाऱ्यानं स्वतः हात वर करायचा नाही, हाही त्याच रीतीचा भाग. त्यामुळे गावाच्या कुठल्याही भानगडीत शालिकरामला मत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते सोयीचंच होतं. मत नाही तर वैरी नाही. सगळ्यांच्या घरी चहा मिळायचा, सगळे त्याला प्रामाणिक म्हणायचे. अशी स्वस्तातली अब्रू माणूस फार जपतो.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला पहिल्यांदा गडबड झाली. रजिस्टरवर सह्या चौऱ्याहत्तर, आणि बाजूचे-विरोधाचे मिळून दाणे भरले पंच्याहत्तर. ग्रामसेविका मिनल मॅडम हसून म्हणाली, "काका, एक दाणा डब्यातून जास्तीचा आला वाटते." सगळे हसले, विषयही किरकोळ होता. पण शालिकरामला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या आठवड्यात तो नागपूरला मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात जाऊन डोळे तपासून आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या वर्षीच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, माझ्यापेक्षा तुमची नजर चांगली आहे. हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. पण डोळे ठीक, तर तो दाणा कोणाचा?

एक मे रोजी तो जपून चालला. बाहेर ऊन असं की चप्पल काढली तर तळवा भाजावा. शेवटच्या रांगेपुढे, दाराशी, त्यानं सवयीनं एका हाताला बोट लावलं, दाणा टाकला आणि पुढं निघाला. तीन पावलं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की त्या हाताखाली चेहरा नव्हता. त्यानं वळून पाहिलं. दारात कोणीच नव्हतं, नुसता पांढरा उजेड. पण त्याचं बोट ओलं होतं. त्यानं ते नाकाशी नेलं. भाताच्या रोवणीच्या बांधीतल्या, खाचरातल्या चिखलाचा वास, भर मे महिन्यात.

हात कोणाचा, हे त्याला त्याच क्षणी कळलं. कळलं म्हणून तर त्यानं घरी बायकोला, सुभद्रेलाही सांगितलं नाही. "काहून जी, जेवण गोड नाही लागून राहिलं का?" ती रोज विचारायची. तो म्हणायचा, ऊन लागलं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पंधरा ऑगस्टची सभा होती आणि विषय होता नळाच्या लाइनीचा. तलावापलीकडच्या टोलीत तीस घरं, सगळी मजुरीवर जगणारी. त्यांच्यापर्यंत पाइप न्यायचा की गावातल्या गावात संपवायचा? टोलीत नेला तर गावाला पाणी एक दिवसाआड मिळणार होतं. सभागृहात नवी टाइल बसली होती आणि ती पुसायचं काम शालिकरामचं. रोवणीवरून थेट आलेल्या बायांना तो दारातच अडवायचा, "पाय धुऊन या, नाही तं बाहेरच थांबा." पाय धुवायला पाणी कुठं होतं, हे त्यानं कधी सांगितलं नाही. बाहेरचा हात मोजायचा नाही, ही रीत मग आपोआपच पडली.

त्या दिवशी टोलीतली यमुताई उशिरा आली. गुडघ्यापर्यंत चिखल होता, म्हणून ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तिथूनच हात वर केला. आत बाजूचे पन्नास, विरोधाचे पन्नास. शालिकराम दारापर्यंत गेला, तिच्या हाताला त्यानं बोटही लावलं, दाणा चिमटीत धरला. मग त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं आणि दाणा परत डाव्या खिशात ठेवला.

"शालिकभाऊ, माहा हात मोजला ना गा?" तिनं विचारलं होतं.

तो म्हणाला होता, "हाव."

मतं समसमान झाली, तेव्हाच्या सरपंचानं आपलं मत विरोधात टाकलं आणि लाइन गावातच थांबली. शालिकरामच्या अंगणात नळ आला. दोन वर्षांनी उन्हाळ्यात तलाव आटला, तेव्हा गाळातल्या डबक्यातून पाणी भरताना यमुताईचा पाय रुतला. बाया धावल्या तोवर फक्त तिचा हात वर दिसत होता, असं टोलीत सांगतात.

यंदा टोलीच्या लाइनीचा विषय पुन्हा निघाला आणि सभेगणिक पुढं ढकलला गेला. पंधरा ऑगस्टलाही दाणा एकानं वाढलाच. अखेर दोन ऑक्टोबरला सरपंच उन्मेषनं तो विषय मताला टाकला. रजिस्टरवर शहाऐंशी सह्या. टोलीतल्या बाया या वेळी पाय धुऊन, वेळेआधी येऊन, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शालिकराम विरोधाचे हात मोजून आला. मग बाजूचे मोजू लागला. दाराशी जायचं नाही असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पण पाय काही ऐकेनात. उंबऱ्याबाहेर तो हात वर होता, मनगटापर्यंत काळा, बोटांतून चिखल ओघळत होता, आणि त्याखाली ऊन पडलेली रिकामी पायरी. बोट लागलं. दाणा पडला.

टेबलावर विरोधाचे त्रेचाळीस निघाले, बाजूचे चव्वेचाळीस.

"सत्त्याऐंशी होते काका," मिनल मॅडम हळूच म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

उन्मेष उठला. "काका, तुमचं वय झालं. मीच मोजतो." त्यानं दोन्ही बाजूंचे हात पुन्हा वर करायला लावले आणि बोट दाखवत मोजले. त्रेचाळीस आणि त्रेचाळीस. "समसमान. म्हणजे आता माहं मत. एक दिवसाआड पाणी गावाले परवडत नाही, तं..."

"थांबा, उन्मेषभाऊ," शालिकराम म्हणाला. "जास्तीचा हात यमुताईचा आहे. नऊ वर्षांआधी तिनं वर केला होता. मी मोजला नाही. तिले मोजला म्हणून सांगितलं अन् दाणा खिशात ठेवला. लाइन तवाच टोलीत जात होती. मी चोरली."

पहिल्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून रडू लागली. बाकीच्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, आणि ते पाहणं त्याला रडण्यापेक्षा जड गेलं.

"मेलेल्या माणसाचं मत मोजता येत नाही, काका," उन्मेष अखेर म्हणाला.

"नाही येत. पण माहं तं येते ना? मीबी गावचा मतदार आहो." त्यानं रजिस्टर ओढून सत्त्याऐंशीव्या ओळीवर सही केली. अक्षर वाकडं आलं. मग बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं हात वर केला. स्वतःच्या अंगणातला नळ त्याला त्या घटकेला आठवला, नाही असं नाही. पण हात वरच राहिला.

मिनल मॅडमनं लिहिलं: बाजूनं चव्वेचाळीस, विरोधात त्रेचाळीस, ठराव मंजूर. लोक पांगले. जाताना शालिकरामला चहाला कोणी बोलावलं नाही. टोलीतल्या बायांनीही नाही.

त्यानं खुर्च्या रचल्या, टाइल पुसली आणि कुलूप घेऊन दाराशी आला. हात तिथंच होता. टळटळीत दुपारी, उंबऱ्याबाहेर, वर केलेला.

"यमुताई, झालं वं," तो म्हणाला. "पाणी येते आता टोलीत. घे हात खाली."

हात खाली आला नाही. शालिकराम कुलूप घेऊन वाट पाहत उभा राहिला. पायरीवर चिखलाचा थेंब पडला, मग आणखी एक. आणि शालिकरामला उमगलं, की आज मोजला गेला तो त्याचा हात होता. तिचा अजून मोजायचाच होता, आणि तो जिथं मोजता आला असता ती सभा नऊ वर्षांपूर्वीच संपली होती.