घाट महासंघात ठेवायचा का?

बैलगाडा शर्यतीच्या घाटात माईक धरला की एक फायदा असतो. बोलायचं काम आपलं, पळायचं काम बैलांचं. तोटा एवढाच, की समोर घडलेलं सगळं डोक्यात साठत जातं आणि यात्रा उठली तरी उतरत नाही. त्यात शिरूर तालुक्यातल्या आमच्या एवढ्याशा घाटाला बैलगाडा महासंघ मिळाला, मग तर साठ्याला काय तोटा!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. महासंघाचे अध्यक्ष जीपमधून आले, घाटाची मातीची चढण खालून वर बघितली आणि जाहीर केलं, "हा घाट आजपासून आमच्याशी संलग्न."

पहिल्या रांगेतल्या दगडूमामांना 'सं' ऐकूच गेला नाही. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "लग्न कुणाचं म्हणं?"

"घाटाचं."

"मंग नांदवणार कोण?"

त्या वर्षी घाट आम्हीच बांधला, बक्षिसं आम्हीच जमवली, मांडव आम्हीच घातला. महासंघानं बॅनर पाठवला. त्यावर गावाचं नाव चुकलं होतं, पण अध्यक्षांचा फोटो झकास होता.

*

आमच्याकडं गाड्यापुढं घोडी पळते आणि तिच्या मागं बैल जीव तोडून धावतात. महासंघाचा नियम आला, घोडीवर बसणाऱ्याला हेल्मेट कम्पल्सरी.

आमचा घोडीवाला संपत. त्यानं फेटा काही काढला नाही, वरूनच हेल्मेट बसवलं आणि घोडीजवळ गेला. घोडीनं मान वळवून बघितलं. रोजचा मालक कुठं गेला आणि हा कोण आला, तिला काही कळेना. ती जी बिथरली, ती संपतला बांधावरच्या पाचटात पाडून, घाट सोडून सरळ उसात. मागं बैलही उसात.

महासंघाचे निरीक्षक शांतपणे म्हणाले, "नियम तर पाळला ना?"

संपत पाचटातून उठत म्हणाला, "नियम पाळला साहेब, घोडी पळाली."

*

घाटाची माती दाबायची आमची पद्धत जुनी. आदल्या दिवशी पाणी मारायचं आणि बिरूआबांची मेंढरं चढणीवरून खालीवर फिरवायची. आबा धनगर. आता सगळी शेतीच करतात, पण थोडी मेंढरं अजून राखून आहेत. खुरांनी माती अशी बसते, की बैलाचा पाय घसरत नाही. म्हणून यात्रेची पहिली बारी, म्हणजे पहिली धाव, आबांच्या बैलांची. तिला घड्याळ लावायचं नाही, नंबर द्यायचा नाही. तो मान.

महासंघाला हे मागासलेलं वाटलं. त्यांनी रोलर पाठवला. रोलर निम्म्या चढणीवर गेला आणि तिथंच बसला. ड्रायव्हर उतरून चहाला गेला. शेवटी बैल जुंपून ओढायची वेळ आली.

माईक माझ्याच हातात होता. मी पुकारलं, "रोलरची बारी! टायमिंग अजून चालूच हाय मंडळी."

*

आणि मग फर्मान आलं. मानाची बारी बंद. प्रत्येक गाडा चिठ्ठीनं आणि घड्याळावर सुटणार. ऐकलं नाही तर आमचा घाट महासंघाबाहेर, आणि आमच्याकडं पळालेल्या गाड्याला बाकीच्या सगळ्या घाटांत बंदी.

देवळात बैठक बसली. सरपंच आप्पा म्हणाले, "महासंघ सोडला तर राहू, खुटबाव गावांचं गाडं येणार न्हाईत. मंग घाटात काय शेळ्या चारायच्या?"

"आन् ऱ्हायलो तर आबांचा मान जातोय, त्याचं काय?" दगडूमामा तडकले.

आबा कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "माझ्या बापानं मेंढरं फिरवून ही चढण घडवली. मान जात आसंल तर जाऊ द्या, गावाची यात्रा मोडू नका. पर मला तवा घाटात बोलवू नका. मला बघवायचं न्हाई."

मग आप्पांनी त्यांच्या ख्यातीला साजेसा खंबीर निर्णय दिला. "महासंघात ऱ्हायचं बी, आन् आबांची बारी बी काढायची. त्या दिवशी काय हुईल ते बघू."

*

त्या दिवशी राहूचे, खुटबावचे गाडे आले होते, पण मालक बैल सोडायला तयार नव्हते. आधी महासंघ काय म्हणतो ते बघायचं होतं. चढणीच्या पायथ्याशी आबांची जोडी जुंपून उभी होती. हाताला धरून आणलेले आबा बाजूला खाली मान घालून होते.

आमच्या घाटात शिट्टी नाही, बंदूक नाही. झेंडा वर जातो तेव्हा माणसं बैल आवरून धरतात. झेंडा खाली पडला की सोडतात.

निरीक्षक पळत आले. "थांबवा हे!" हलगीच्या कडकडाटात कुणाला ऐकू जाणार? झेंडाच पडू द्यायचा नाही म्हणून त्यांनी तो आमच्या माणसाच्या हातातून हिसकावला, दगडावर चढले, झेंडा उंच धरला आणि जीव खाऊन ओरडले, "बंद! बारी बंद!" आणि 'बंद' म्हणताना हात झपकन खाली आणला.

बैल सुटले.

धुरळा उडाला, सगळा घाट उभा राहिला. आबा वर बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान त्यांना नव्हतं. मी माईक तोंडाला लावला. "आबांची मानाची बारी! झेंडा महासंघाच्या शुभहस्ते!"

पहिल्या टाळ्या राहूकरांनी वाजवल्या आणि लगेच आपले बैल जुंपायला घेतले.

निरीक्षक घामाघूम होऊन आबांपाशी आले. "अहो आबा, मी बंद म्हणत होतो."

आबांनी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. म्हणाले, "व्हय साहेब. फुडल्या वर्षी बी आसंच म्हना."