घमेल्यांची गल्ली

मुकादम नव्या गल्लीत आले की आधी दोन्ही हात पसरायचे. तळवे दोन्हीकडच्या भिंतींना टेकवून म्हणायचे, "शिरंल वो म्याडम, पर वळंल का?" मग ते वाळूच्या गाडीबद्दल असो नाहीतर माझ्या स्कूटीबद्दल. शिरण्यापेक्षा वळण्याची काळजी करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी हा एकच पाहिला.

मी तेव्हा नांदेडच्या जुन्या वस्तीत पाण्याची लाइन टाकणाऱ्या एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर होते. मुकादम देगलूरकडचे. त्यांच्या टोळीत आठ माणसं, त्यात त्यांची बायकोही. जेसीबी जिथे जाऊ शकत नाही तिथे ही मंडळी टिकाव, फावडं, घमेली घेऊन उतरायची. मुकादमांची पन्नाशी उलटली होती. सकाळी चहाचा कप डाव्या हाताने उचलायचे. विचारलं तर म्हणायचे, "उजवा हात अजून झोपून राहिलाय. उठतोय की."

त्या उन्हाळ्यात कंत्राटदाराने ठरवलं, बोळांत चालणारं छोटं मशीन घ्यायचं. निवडायला पाठवलं मला आणि मुकादमांना. "गल्ल्या त्यालाच माहीत. मुकादम म्हणेल ते घेऊ," असं त्याने सांगून टाकलं. ज्याच्या पोटावर पाय येणार त्यालाच बूट निवडायला सांगायचं, असा हा प्रकार. मला लाज वाटली, पण नोकरी होती, गेले.

गावाबाहेर विष्णुपुरीच्या अलीकडे, मोकळ्या जागेत विक्रेत्याने दोन मशीनं उभी केली होती. एक जरा मोठं, दणकट, पण वळताना त्याची पाठ बाहेर यायची. ते घेतलं तर भिंतीलगतचं खोदकाम हातानेच करावं लागणार, म्हणजे टोळीला काम राहणार. दुसरं लहान. जागच्या जागी फिरणारं, भिंतीला चिकटून खोदणारं. ते आलं की टोळी संपली.

मी मुकादमांना बाजूला घेतलं. "मोठं घ्या म्हणा. तुमची माणसं तरी राहतील."

"हाव," ते म्हणाले. "बघू की."

टोळीला त्यांनी टेम्पोतून सोबत आणलं होतं. हात पसरून त्यांनी सगळ्यात अरुंद गल्लीएवढं अंतर घेतलं आणि माणसांना दोन रांगांत समोरासमोर उभं केलं. विक्रेत्याच्या ऑपरेटरला म्हणाले, "ह्या भिंती हायत. वळव आता."

ऑपरेटर मशीनवरून खालीच उतरला. "काका, याड लागलं का? माणसं हायती!"

"भिंतीमागंबी माणसंच हायती, बाबा."

शेवटी माणसांच्या जागी विटा रचून त्यांवर टोळीची घमेली मांडली. रोजचीच, काठ चेपलेली. मोठं मशीन आत गेलं, वळलं आणि पाठीने तीन घमेली उडवली. मुकादमांच्या बायकोने ती गोळा करून पुन्हा मांडली. मग लहान मशीन शिरलं, गर्रकन फिरलं. एकही घमेलं हललं नाही. टोळीतल्या कुणीतरी टाळी वाजवली, आणि आपण कशासाठी वाजवतोय हे कळताच थांबलं.

मुकादमांनी लहान मशीनकडे बोट दाखवलं.

परतताना टेम्पोत मी चिडले. "आठ जणांचा विचार तरी करायचा होता!"

"केला की. पंधरा वरसं तेच करून राहिलो," ते म्हणाले. "पर त्या गल्लीतली घरं मातीची हायत. लोकायनं आमाला पाणी पाजलं. त्यायच्या भिंती पाडून आमी त्याच भिंतीलगत खांदायला येऊ?" मग जरा थांबून म्हणाले, "लई थकलो म्याडम. पर थकलो म्हणून न्हाई निवडलं. तेवढं ध्यानात ठेवा."

त्यांची बायको सगळ्या वाटेत बाहेर बघत होती.

मशीन आलं. पहिला आठवडा मुकादम त्याच्यापुढे उलट्या पावलांनी, हात पसरून, ऑपरेटरला वाट दाखवत चालले. मग ऑपरेटरला गल्ल्या पाठ झाल्या. टोळी गेली. यांना दुसरीकडे लावा, एवढं कंत्राटदाराला मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मी लातूरला असते. परवा अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज मुकादमांचा होता. ते काम मागणार म्हणून मी मनात नकार जुळवू लागले.

"म्याडम, त्या मशीनचं भिंतीला कुठं लागलं का?"

"नाही मुकादम. एकाही नाही."

"मंग बरं झालं," म्हणाले आणि फोन ठेवला.

कुठे आहात, तब्येत कशी आहे, मी काहीच विचारलं नव्हतं. मी लगेच त्याच नंबरवर फोन लावला. आवाज दुसऱ्याचा होता.

"मुकादम आहेत का?"

"मुकादम तर मीच हाय," तो म्हणाला. "त्ये म्हातारबाबा पायजेत का तुमाला? माझ्या फोनवरून बोलले आन् घमेलं घेऊन वर स्लॅबवर गेले."