वच्छलाबाईंचं ‘मंग?’

उत्तर न आलेल्या मुलाला फुटाणे वाटणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावी शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली मंडळी अजून मला जेवायला बोलावतात आणि ते चालू राहावं अशी माझी इच्छा आहे. शाळेच्याच आवारात, कोपऱ्यातल्या खोलीत अंगणवाडी भरायची. पहिल्या दिवशी सहज डोकावलो, तर जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या पन्नाशीच्या एक बाई पंधरा-वीस चिमुरड्यांना विचारत होत्या, “माह्या मामाच्या बैलाचं नाव काय?” मुलं ओरडत होती, “राजा!” “सोन्या!” “ढवया!” बाई नुसती मान हलवत होत्या. शेवटी नाक पुसत एक पोरगी म्हणाली, “मले मालूम नाही.”

“शाब्बास!” बाई म्हणाल्या आणि तिच्या तळहातावर चार फुटाणे ठेवले.

मी रिसोडचा. नुकताच डी.एड. होऊन आलेलो आणि बालमानसशास्त्रात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण. ही शहाणी गोष्ट मी पहिल्याच दिवशी दोन-तीन जणांना सांगूनही टाकली होती. त्यामुळे मी जरा मोठेपणानं म्हणालो, “बाई, उत्तर आलं नाही त्याला बक्षीस?”

“सर, मालूम नसलं त मालूम नाही म्हनाले लय अक्कल लागते. मोठ्या मान्सायले जमत नाही ते,” त्या म्हणाल्या. “आन् माह्या मामाले बैलच नाही.”

हा खेळ रोज सकाळी चालायचा. प्रश्न रोज नवा, उत्तर कुणालाच येऊ नये असा. त्या होत्या वच्छलाबाई. गावातली गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली सगळी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. कुणाला कितव्या महिन्यात दात आले हेसुद्धा त्यांना पाठ. रजिस्टरं मात्र कधी वेळेवर पुरी झाली नाहीत. पर्यवेक्षिका आल्या की बाई माझ्याकडून पेन मागून नेत आणि ते पेन मला पुन्हा दिसत नसे. माझी एक छत्रीही अशीच त्यांच्याकडे गेली, ती त्यांच्या घरच्या खुंटीला मी पुढे कित्येक वर्षं पाहत होतो.

आणखी एक खोड होती. मोठ्या माणसाचं एक वाक्य त्या पुरं होऊ देत नसत. सरपंच असो, डॉक्टर असो, अर्ध्यावर तोडून “हाव, समजलं मले” म्हणून मोकळ्या. पण लेकरू बोलायला लागलं की बाई दगडासारख्या बसून ऐकत. मध्ये फक्त एकच शब्द टाकत, “मंग?” रडत आलेल्या मुलाला इतर बायका विचारतात, “कोनं मारलं?” बाई त्याला मांडीवर घेत, नाक पुसत आणि म्हणत, “मंग?” एकदा एक पोरगा असा अर्धा तास सांगत होता. त्यात त्याची आजी आली, कोंबडी आली, मामाच्या गावची जत्राही आली, आणि शेवटी कळलं की त्याला कुणीच मारलं नव्हतं. बकरीसारखी उडी मारून पाहताना तो ओट्यावरून पडला होता.

“‘कोनं मारलं’ इचारलं का लेकरू कोनाचं तरी नाव घेतेच,” बाई मला म्हणाल्या. “मंग दोन घरचे लोकं भांडतेत, आन् लेकरू खेयाले जाते.”

मी मान डोलावली. मला ते पटलं असं मला वाटलं होतं. पटलं नव्हतं, हे दोनच महिन्यांनी सिद्ध झालं.

आमच्या शाळेत खिचडी शिजवायला अनुसयाबाई होत्या. विधवा बाई, पदरात दोन मुली, आणि या खिचडीवरच घर चाललेलं. त्यांच्या हाताला अशी चव होती की नियमाप्रमाणे शिक्षकानं आधी घासभर खाऊन चव रजिस्टरमध्ये सही करायची, तिथं मी घासभराऐवजी वाटीभर खाऊन सही करत असे. त्या दिवशीही केली. शेरा लिहिला, ‘चव उत्तम’. चौतीस मुलं जेवली. वर्ग भरतो न भरतो तोच सात मुलांना ओकाऱ्या सुरू झाल्या.

जीपमध्ये घालून मुलांना तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, काय खाल्लं? आम्ही एका सुरात सांगितलं, खिचडी. मुलांना सलाइन लागलं, संध्याकाळपर्यंत ती बिस्किटं मागायला लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पण इकडे शाळेपुढे गाव जमलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “पाल पडली असन.” एवढं माझ्या कानावर पडलं आणि माझ्यातला मानसशास्त्रज्ञ जागा झाला.

उरलेल्या मुलांना मी एकेक करून आत बोलावलं. पाठीवर हात ठेवून, अगदी प्रेमानं विचारलं, “खिचडीत पाल होती ना? घाबरू नकोस, खरं सांग.” पहिल्या मुलानं नाही म्हणून मान हलवली. मी म्हणालो, “नीट आठव.” त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान उभी हलवली. पाचव्या मुलापर्यंत पालीला रंग आला. दहाव्याला तिची शेपटी तुटलेली होती, पंधराव्याला ती तुटलेली शेपटी वळवळत होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आलेल्यांनाही मी सोडलं नाही. त्यात दुसरीतला गोलू होता. तो म्हणाला, “अनुसयाबाईनं पयीनं पाल काढून फेकली आन् आमाले वाढलं.” एकूण तेवीस मुलांनी पाल पाहिली होती. मी ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. मला माझा अभिमान वाटत होता, हे आज लिहिताना कान तापतात.

अनुसयाबाई दाराशी उभ्या होत्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “सर, चव त तुमीच घेतली होती.”

“पाल नंतर पडली असेल,” मी म्हणालो. माणूस शिकला की त्याला उत्तर सापडतंच.

दुपारी शाळा समितीचे अध्यक्ष अनुसयाबाईंना काढून टाकण्याच्या पत्रावर सही करायला आले. त्यांनी पेन उघडलं, तेवढ्यात वच्छलाबाई कडेवर टोपलं घेऊन आत आल्या. टोपल्यात तुरीच्या हिरव्या शेंगा.

“अध्यक्षसाहेब, सही मंग करजा. सर, मले पाच मिनटं तुमचा वर्ग द्या.”

मी म्हणालो, “बाई, तेवीस मुलं एकच गोष्ट...”

“हाव, समजलं मले,” म्हणून त्या वर्गात शिरल्यासुद्धा. मुलांसमोर उभ्या राहून त्यांनी माझ्याच सुरात, अगदी प्रेमानं विचारलं, “पोट्टेहो, काल सरायनं लाल टोपी घातली होती ना?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“नीट आठवा बरं.”

“हाव,” मागून एकजण म्हणाला. “हाव, हाव,” आणखी चार. बाईंनी विचारलं, टोपीला गोंडा होता का? होता. कोणत्या रंगाचा? तिथं मात्र वर्गात दोन पक्ष पडले, पिवळा आणि हिरवा. गोलूनं तर सांगितलं की जेवताना सरांनी टोपी काढून खिडकीत ठेवली होती. मी जन्मात टोपी घातलेली नाही. अध्यक्षांनी सावकाश माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि मग हातातल्या पत्राकडे.

“खोटारडी कार्टी,” मी पुटपुटलो.

बाई पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्या. “खोटं नाही बोलून राह्यले ते. मास्तरनं इचारलं म्हंजे उत्तर असतेच, असं वाटते लेकराले. उत्तर नाही आलं त तुमी उभं करता ना त्याले वर्गात? मंग तो काहून म्हनन मालूम नाही? तुमी पाल मांगतली, त्यायनं देल्ली.”

अध्यक्षांनी विचारलं, “मंग आता खरं कोनाले इचाराव?”

“या पोट्ट्यायले इचारून आता काही फायदा नाही. ज्याले कोनीच इचारलं नाही, त्याले इचारू.”

असं एकच लेकरू होतं. गोलूची बहीण परी, वय साडेचार. ती बाईंच्या अंगणवाडीत, पण दिवसभर भावाच्या मागे शेपटासारखी फिरायची. तिला काय कळतंय म्हणून मी तिला विचारलंच नव्हतं.

अंगणवाडीच्या ओट्यावर बाईंनी परीला जवळ बसवलं आणि आम्हा दोघांपुढे टोपलं सरकवलं. “शेंगा सोला. हात चालू आन् तोंड बंद.” मग परीला म्हणाल्या, “काल सकायी उठली तू. मंग?”

“मंग बकरीनं दादाची वही खाल्ली.”

“मंग?”

“मंग मायनं बकरीले मारलं. मंग दादाले मारलं.”

“मंग?”

अशी ती गाडी निघाली. न्हाणं झालं, भाकर झाली, चप्पल हरवली आणि सापडली. अध्यक्षांनी निम्मं टोपलं सोललं. एकदा त्यांना राहवलं नाही; “पाल...” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि बाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं की त्यांनी पुढची शेंग उचलली.

“मंग लहान सुट्टी झाली. मंग दादा आन् ते पोट्टे कुंपनाच्या तिकडं गेले. त्यायनं बदाम खाल्ले.” परीचा ओठ थरथरला. “मले एकबी नाही देल्ला.”

“मंग?”

“मंग मी रडली. मंग दादा म्हने घरी सांगजो नोको.”

बाईंनी तिला फुटाणे दिले नाहीत. नुसतं पोटाशी धरलं. आम्ही शाळेमागच्या कुंपणाशी गेलो. कुंपण चंद्रज्योतीच्या झाडांचं; त्याखाली फोडलेल्या काळ्या बियांच्या, म्हणजे पोरांच्या ‘बदामां’च्या, टरफलांचा सडा पडला होता. चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात आणि पोटात गेल्या की ओकून ओकून जीव घेतात, हे त्या भागातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असतं. मला माहीत होतं, अध्यक्षांना माहीत होतं. विचारायचं मात्र आम्हाला सुचलं नाही, कारण आमच्याकडे पाल होती. अध्यक्षांनी तिथल्या तिथे पत्र फाडलं आणि डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी कुंपण तोडलं. मी अनुसयाबाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण साखर कमी होती. माझ्या वाट्याला तेवढी शिक्षा रास्तच होती.

नंतर मी बाईंना म्हणालो, “सुटलो बुवा. मिटलं सगळं.”

“मिटलं कुठी?” बाई म्हणाल्या. “अनुसया सुटली. पाल अजून हायेच. तुमी ते लेकरायच्या डोयात सोडली सर, ते अशी नाही निघत.”

मला वाटलं, बाई उगाच ताणतायत. हे सगळं कुठे शिकलात, असंही मी एकदा विचारलं. म्हणाल्या, “कोन शिकोते? चार लेकरं माही, बाकी सारे लोकायचे. ऐकून ऐकून.” तेव्हापासून माझ्या वर्गात उत्तर न आल्याबद्दल कुणाला उभं केलं नाही. मानसशास्त्रातल्या गुणांविषयीही मी कुणाशी बोललो नाही, आज पहिल्यांदाच लिहितोय.

पुढे माझी बदली झाली, बाई निवृत्त झाल्या. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच, कुणाला काही न विचारता. तेरवीला मी गेलो. खुंटीवर माझी छत्री होती; ती तिथेच बरी वाटली, आणली नाही.

अंगणात पंगत बसली. माझ्या शेजारी एक मिशावाला उमदा तरुण येऊन बसला. तो गोलू होता! आता मंगरूळपीरच्या स्टँडवर त्याची जीप असते. पलीकडच्या पाहुण्याला तो मोठ्या आनंदानं सांगायला लागला, “आमचे सर हे. सरायच्या वेळेस आमच्या खिचडीत पाल निघाली होती. म्या सोताच्या डोयानं पाह्यली, शेपटी अशी वयवय करे.”

माझा घास हातातच राहिला. बारा वर्षं झाली होती. आणि वरणाची बादली घेऊन आमच्यापुढे उभ्या होत्या अनुसयाबाई. पाहुणा एकदा त्यांच्याकडे आणि एकदा बादलीकडे पाहू लागला.

“गोलू, अरे पाल...” मी सुरुवात केली.

“थांबा सर,” अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांनी बादली खाली ठेवली. आवाज शांत होता, पण पदर मुठीत घट्ट धरलेला मला दिसला. “त्याले सांगू द्या. गोलू, त्या दिशी सकायी उठला तू. मंग?”

पंगतीत हसू पिकलं. बाईंच्या हाताखालून न गेलेलं तिथं होतं कोण? चार-पाच जण एकदम म्हणाले, “मंग?”

गोलूही हसला आणि रंगात आला. बकरीनं वही खाल्ली. मंग? मायनं मारलं. मंग? लहान सुट्टीत कुंपणापाशी गेलो, बदाम खाल्ले, परीला दिले नाहीत. मंग? सुट्टी संपली, मग जेवायची सुट्टी झाली, ताट घेऊन बसलो, खिचडी खाल्ली, दोनदा मागून घेतली. मंग? मळमळलं, ओकलो, जीपमध्ये घातलं, सुई टोचली, रात्री बिस्किटं खाल्ली. मंग? दुसऱ्या दिवशी शाळेत आलो...

इथं तो थांबला. भुवया जवळ आल्या. बोटांनी पत्रावळीवरचा भात उगाच सारखा केला.

“सर,” तो हळूच म्हणाला, “मंग पाल कव्हा आली?”

“मी विचारलं तेव्हा,” मी म्हणालो.

गोलू अनुसयाबाईंकडे पाहत राहिला. मग उष्टा हात तसाच ठेवून त्यानं डावा हात लांबवला आणि त्यांच्या पायाला लावला. अनुसयाबाईंनी पदरानं डोळे पुसले, त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि बादली उचलली. पहिला पळा त्यांनी माझ्या भातावर रिकामा केला.

“घ्या सर, आधी चव पाहा,” त्या म्हणाल्या. “आन् या येळेस ध्यानात ठेवा.”