इंजिनामागचं हळदीकुंकू

दांडग्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकन मसल कारचं परीक्षण म्हणजे गाडी किती चकाचक आहे ते बघणं, असं लोकांना वाटतं. आमच्या क्लबमध्ये उलटा कारभार. पन्नासेक वर्षांपूर्वी कारखान्यातून निघाली तशीच ती आज आहे का, एवढंच आम्ही बघतो. तिथल्या कामगाराने रंगाचा ओघळ सोडला असेल तर ओघळ हवा. लेबल तिरकं चिकटवलं असेल तर तिरकंच हवं.

हे वेड मला लावलं लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या काकांनी. माझे सख्खे काका नव्हेत. मी पुण्याहून इथे नोकरीला आले तेव्हा त्यांनी आणि काकूंनी मला सहा महिने घरी ठेवून घेतलं, तेव्हापासूनचे. हातात टॉर्च देऊन त्यांनीच मला गाडीखाली सरपटायला शिकवलं. कारखान्यातले तपासनीस काम पाहून झालं की मेणाच्या खडूने पिवळी नाहीतर लाल खूण करत. "ही त्यांची सही," काका म्हणायचे. "खोटी खूण खरी म्हणून दाखवणाऱ्याची गाडी सरळ बाद." क्लबच्या नियमावलीत हे वाक्य आहे आणि ते काकांनीच लिहिलंय.

त्यांची स्वतःची हिरवी, दोन दारांची गाडी मात्र त्यांनी कधी परीक्षणाला आणली नव्हती. वीस वर्षं ते तिचे बरोबर बोल्ट शोधत बसले होते. मग एका डोळ्याने दिसेनासं झालं, दुसऱ्याचाही भरवसा नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि काकांनी गोल्ड कार्डासाठी, म्हणजे क्लबच्या सर्वांत वरच्या प्रमाणपत्रासाठी, अर्ज भरला. "गोल्ड कार्ड दिसतंय तोवर बघायचंय गं," ते फोनवर म्हणाले.

परीक्षक म्हणून माझी नेमणूक आधीच झाली होती. गाडीमालकांपैकी कुणाशी रक्ताचं नातं आहे का, असं फॉर्मवर विचारलं होतं. मी 'नाही' लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण मला तेव्हाच बाजूला होता आलं असतं.

बर्मिंगहॅमबाहेरच्या एका शेतावर, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये परीक्षण होतं. माझा जोडीदार परीक्षक एक निवृत्त बस मेकॅनिक, इंग्रज, भला माणूस. मालकाने दोरीपलीकडे उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम. काकू गाड्यांना कंटाळून चहाच्या तंबूत जाऊन बसल्या होत्या. अकरा वाजेपर्यंत काकांचे दोन गुण गेले होते, एक पाइपच्या क्लिपसाठी, एक बॅटरीच्या वायरसाठी. आणखी एक गेला असता तर गोल्ड हुकलं असतं.

मग बॉनेट उघडलं. इंजिनामागच्या काळ्या पत्र्यावर, टॉर्चच्या उजेडात, पिवळा ठिपका आणि त्यावर लाल.

"ओह, लुक ॲट दॅट," जोडीदार हरखून म्हणाला. "इन्स्पेक्टर्स क्रेयॉन!"

तो ठिपका लावणारं बोट माझं होतं.

आदल्या दसऱ्याला गॅरेजमध्ये काकूंनी ताट माझ्यापुढे धरलं होतं. "या वर्षी तू लाव. लेकीचा हात लागू दे." बाहेरच्या रंगावर डाग पडेल म्हणून काका म्हणाले होते, "आत लाव, आत." मी हळद लावली, वर कुंकू लावलं. पुढे काकांनी टूथब्रशने एकेक बोल्ट घासला, पण तो ठिपका राहिला. "कुंकू पुसायचं नसतं," काकूंनी बजावलं होतं, "मी आहे तोवर तर नाहीच." तेव्हा मी हसले होते.

"तुम्ही गाडी घेतलीत तेव्हा ही खूण होती?" जोडीदाराने दोरीपलीकडे विचारलं.

मला वाटलं, काका हसून सांगतील की ती बायकोची पूजा आहे. एक गुण जाईल, गोल्ड जाईल, विषय संपेल. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"येस," ते म्हणाले. "ऑलवेज बीन देअर."

आता खरं बोलायचं तर गाडी बाद करायची, त्यांच्याच नियमाने, सगळ्यांसमोर.

"थम्ब टेस्ट तू कर," जोडीदार मला म्हणाला. "तुझा हात बारीक आहे." ओला अंगठा घासायचा, असली खूण उठत नाही, नंतर लावलेली अंगठ्याला लागते. हीसुद्धा काकांचीच शिकवण.

मी अंगठा ओला केला, हात आत घातला आणि ठिपक्याच्या शेजारी कोऱ्या पत्र्यावर घासला. बाहेर काढून दाखवला. स्वच्छ होता. मला काकांचा असा संताप आला होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. माझ्या हाताचाही आला होता.

जोडीदाराने दफ्तरासाठी खुणेचा फोटो काढला. गोल्ड मिळालं. काकांनी कार्ड चांगल्या डोळ्यापाशी नेऊन बराच वेळ वाचलं. माझ्याकडे न बघताच त्यांनी ते खिशात ठेवलं. काकूंनी मात्र मला घट्ट मिठी मारली.

यंदाच्या दसऱ्याला मी काही तरी कारण काढणार होते, सुचलं नाही. काकूंनी ताट पुढे केलं. मी बॉनेटखाली वाकले.

"तिथे नको," काका खुर्चीतून म्हणाले. "त्यांच्याकडे फोटो आहे. गाडी पुन्हा तपासतात. ते तसंच राहायला हवं."

"अहो, वर्षभराचं शिळं कुंकू तसंच ठेवायचं?" काकू माझ्याकडे वळल्या. "काय गं, तू परीक्षक ना? सांग की यांना."

काका माझ्या दिशेने बघत होते. त्यांना कितपत दिसत होतं कोण जाणे.

"काका म्हणतात ते बरोबर आहे, काकू," मी म्हणाले. "ती खूण कारखान्याची आहे."

"कारखान्याची कशी?" काकू म्हणाल्या. "तूच नाही का लावलीस?"