बाल्कनीकडचं टोक

धम्मपालने कागद पुढे सरकवला तेव्हा सुखदेव वाटाणे सोलत बसला होता. कागदावर एका टाकीचं चित्र होतं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. आत खारं पाणी, वाळू, खडक, आणि खडकांवर वाढवायची जिवंत प्रवाळं.

"वजन किती?" सुखदेवने विचारलं.

"पाणी साडेसहाशे लिटर. काच, खडक, वाळू, खालची गाळणीची टाकी, सगळं धरून एक टन. स्टँड तुम्ही केला तर पेलेल ना, बाबा?"

सुखदेवने उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. हात पुसले. चित्र पुन्हा पाहिलं.

"पेलेल," तो म्हणाला.

सुनेने, रोशनीने, स्वयंपाकघरातून टोमणा मारला. "मुंबईला नेलं तर जुहूवर अर्ध्या तासात कंटाळतात. आणि आता समुद्र घरात हवाय."

"तो समुद्र आणि हा समुद्र वेगळा," धम्मपाल म्हणाला.

"हो ना. त्याची काच मला पुसावी लागत नाही."

नोएडातल्या अठरा मजली टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर त्यांचं घर होतं. धम्मपाल दिल्लीत सरकारी नोकरीत, रोशनी शाळेत शिक्षिका. सुखदेवने चंद्रपूरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं लोखंड जोडलं होतं. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांचे सांगाडे, पाइपांचे आधार, शिड्या. त्याची एक रीत होती. काम उभं राहिलं की त्यावर खडूने तारीख टाकायची, आणि भार चढवल्यावर सात दिवस रोज मोजायचं. साहेब हसायचे. "सुखदेव, लोखंड कुठे पळून जातंय का?" तो म्हणायचा, "पळत नाही साहेब. बसतं."

धम्मपालने आठ महिने व्हिडिओ पाहिले होते आणि एक वही भरली होती. त्याला प्रत्येक गोष्ट पाठ होती, पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते विचारावं लागे. सुखदेवचं उलटं होतं. वही त्याने उघडली नाही. दादरीच्या एका वर्कशॉपमध्ये पाच दिवस जागा मागून घेतली. तीन मिलीमीटर जाडीचा चौकोनी पाइप, सहा पाय, दर दोन फुटांवर आडवी पट्टी. प्रत्येक जोड त्याने स्वतः लावला, घासला, पुन्हा पाहिला. दोन जोड पसंत पडले नाहीत म्हणून कापून पुन्हा केले. वर्कशॉपवाला म्हणाला, "चाचा, मछली रखनी है कि हाथी?"

"पानी रखना है," सुखदेव म्हणाला. "हाथी तो खड़ा रहता है."

फेब्रुवारीत स्टँड वर आला. हॉलच्या लांब भिंतीला लागून, एक टोक बाल्कनीकडे, दुसरं स्वयंपाकघराकडे. पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध उभा राहिला. त्यावर प्लायवूड, त्यावर फोम, त्यावर काचेची टाकी. टाकी वर आणायला सहा माणसं लागली.

मग पाणी. नळाचं चालत नाही, शुद्ध लागतं. ते बनवायला यंत्राला अकरा दिवस लागले. यंत्र एका बादलीमागे दोन बादल्या पाणी फेकून द्यायचं. सुखदेवची बायको कौसल्या ते वाया जाऊ देईना. तिने त्या पाण्यात घरातली एकूण एक चादर धुतली.

"अजून किती दिवस?" ती विचारायची. "पडदेसुद्धा दोनदा झाले बाप्पा."

शुद्ध पाण्यात ड्रममध्ये मीठ कालवायचं, दिवसभर घुसळायचं, खारटपणा मोजायचा, मग टाकीत ओतायचं. ओतायचं काम सुखदेवचं. त्याने चौसष्ट बादल्या मोजल्या. टाकी भरल्यावर सगळे पंप थांबवले, पाणी स्थिर होऊ दिलं, आणि काचेच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंत पट्टी लावली. बाल्कनीकडे चाळीस मिलीमीटर. स्वयंपाकघराकडे चाळीस. काचेवर चिकटपट्टी लावून त्याने आकडे आणि तारीख लिहिली.

सात दिवस रोज हेच. चाळीस, चाळीस. सातव्या दिवशी त्याने पट्टी खिशात टाकली. स्टँड बसायचा तेवढा बसला होता.

यानंतर थांबायचं असतं. खडकांत जिवाणू वाढायला दीड महिना लागतो. ते पाण्यातली घाण पचवू लागले की मग मासे, आणि शेवटी प्रवाळं. धम्मपाल ऑफिसातून आला की बूट न काढता पाणी तपासायचा. रोशनी म्हणायची, "सासूबाईंना बीपीच्या गोळ्या घेतल्या का विचारलंत? टाकीचं बीपी रोज बघता."

निळा दिवा लागायचा. पंपांची घरघर चालायची. ती थांबली की बाहेरची दुसरी घरघर ऐकू यायची. शेजारच्या प्लॉटवर नवीन इमारतीसाठी मोठा खड्डा चालला होता, तीन मजले खोल. खाली पाणी लागलं होतं, म्हणून दहा पंप दिवसरात्र ते उपसून गटारात सोडत. सुखदेव बाल्कनीत उभा राहून ते पाहायचा. पाणी स्वच्छ यायचं. एका आठवड्यापासून ते गढूळ येऊ लागलं होतं.

एप्रिलच्या शेवटी दोन नारिंगी मासे आले. प्रवाळं पुढच्या रविवारी येणार होती. त्या सोमवारी सुखदेव काच पुसत होता. बाल्कनीच्या टोकाला फडकं पाण्याला टेकलं. दुसऱ्या टोकाला टेकलं नाही.

त्याने फडकं खाली ठेवलं. पंप बंद केले. दहा मिनिटं उभा राहिला. पट्टी लावली.

बाल्कनीकडे सदतीस. स्वयंपाकघराकडे त्रेचाळीस.

त्याने तीनदा मोजलं. मग तो खाली बसला आणि स्टँडचे जोड बघू लागला. एकेक जोड बोटाने चाचपला, बॅटरी मारून पाहिला, छोट्या हातोडीने वाजवला. आवाज कुठेही फुटका आला नाही. पण सहा मिलीमीटर खोटे नव्हते. आपल्या लोखंडाने दगा दिला, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. दुपारी तो जेवला नाही.

"काहून जेवत नाही?" कौसल्याने विचारलं.

"पोट भरलंय."

"कशानं? मीच तर अजून वाढलं नाही."

संध्याकाळी त्याने धम्मपालला समोर बसवलं. "टाकी रिकामी कर. आज."

"बाबा, सहा मिलीमीटर. एखादी टाइल दबली असेल. रबर घालून लेव्हल करू."

"भरलेल्या टाकीखाली रबर घालशील? एक कोपरा उचलला की काच जाईल. आणि उद्या सात होतील."

"रविवारी प्रवाळं येतायत. दोन महिन्यांची मेहनत आहे यार. मी कुठे पळून चाललोय, नंतर बघू ना."

"प्रवाळं आत गेली की तू रिकामी करणार नाहीस. मी तुला ओळखतो. एक टन आहे धम्मा. ती काच फुटली तेव्हा समोर तुझी आई भाजी निवडत बसलेली असेल."

धम्मपालने टाकीकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, "तुम्ही पेलेल म्हणाला होता."

"म्हणालो होतो," सुखदेव म्हणाला. "म्हणून मीच सांगतोय."

धम्मपालने उठून बाल्कनीकडच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं. जिथे दोन काचा मिळतात तिथून. बोट ओलं झालं. त्याने ते जिभेला लावलं. खारट होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. खडक मोठ्या ड्रममध्ये, मासे छोट्या ड्रममध्ये गेले, दोन्हींत हवेचा पंप सोडला. सुखदेवने नळी लावून पाणी उतरवलं. पुन्हा सहा माणसं आली, टाकी उचलली, भिंतीपाशी ठेवली. मग त्याने स्टँड खोलीच्या मधोमध ओढला आणि त्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून कर्ण मोजले. दोन्ही कर्ण केसाइतकेही वेगळे नव्हते. पाय वाकले नव्हते. जोड तसेच होते.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्याने बाल्कनीकडच्या पायाखालची टाइल फोडली. पोकळी असेल, तळाशी भुसभुशीत भराव असेल, असा त्याचा अंदाज. खाली स्लॅब होता. घट्ट, कोरडा, तडा नाही.

"मग काय बसलं?" धम्मपालने विचारलं.

सुखदेव उठला. बाजारातून दहा मीटर पारदर्शक नळी आणली. गवंडी वापरतात ती. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत उभं राहतं, मध्ये कितीही अंतर असो. हॉलच्या दोन टोकांच्या भिंतींवर त्याने त्या पातळीला बारीक पेन्सिलीने रेघ ओढली. तारीख टाकली. "आता या खोलीत वजन नाही," तो म्हणाला. "सात दिवस बघू."

सातव्या दिवशी त्याने नळी लावली. स्वयंपाकघराकडे पाणी बरोबर रेघेला टेकलं. बाल्कनीकडच्या रेघेच्या ते दोन मिलीमीटर वर उभं होतं.

भिंतच खाली गेली होती.

तो बाल्कनीत गेला. खड्डा त्याच बाजूला होता. पंप चालू होते. पाणी आता चहासारखं येत होतं, आणि गटाराच्या तोंडाशी बारीक वाळूचा ढीग साचला होता. ती वाळू कुठून येत होती हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पाण्याबरोबर जमीन निघून जात होती. सहा फुटांची टाकी कुणी घरात ठेवली नसती तर अजून वर्षभर कुणाला कळलं नसतं. आणि इमारतीकडे तेवढा वेळ नव्हता.

सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्स मॅनेजर त्यागी बसला होता. सुखदेवने नळी आणि आकडे टेबलावर ठेवले.

"अंकल, टेंशन मत लो," त्यागी म्हणाला. "बिल्डिंग भी साँस लेती है."

"साँस अंदर भी जाती है, बाहर भी. ये एक ही तरफ जा रही है."

"दीवार में क्रैक दिखाओ. एक भी है?"

"क्रैक तब आता है जब एक हिस्सा बैठे. ये पूरी एक साथ जा रही है."

त्यागीने पाण्याचा ग्लास पुढे केला. "आपकी वो मछली वाली टंकी का लोड किससे पूछ के रखा था? पहले वो बताइए. नोटिस मैं आपके नाम निकालूँगा."

सुखदेव उठला. ग्लास तसाच राहिला.

चौथ्या मजल्यावर, त्याच बाजूला, पद्माकर राहायचे. पुण्याचे, बँकेतून निवृत्त. सुखदेवशी त्यांची लिफ्टमधली ओळख. दार उघडताच ते म्हणाले, "या, या. कॅरम खेळता का? हल्ली माझी सोंगटी आपोआप बाल्कनीकडच्या खिशाकडे जाते. बायको म्हणते वय झालं."

सुखदेवने नळी काढली. पद्माकरांच्या हॉलमध्ये भिंतीच्या तळाशी लावलेली टाइलची पट्टी गवंड्याने एका रेघेत बसवलेली होती. त्याने एका टोकाला पाणी पट्टीच्या कडेला आणलं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. बावीस मिलीमीटर. टाकीच्या सहा फुटांतल्या फरकावरून त्याने सातव्या मजल्यावरच्या अख्ख्या हॉलचा हिशेब केला होता. तेवढाच निघाला होता.

"तुमचं वय झालं नाही," तो म्हणाला.

पद्माकर वाकून नळीतलं पाणी बघू लागले. "मग आता काय करायचं?"

"आज बाहेर पडायचं. मी घरच्यांना सांगितलंय."

घरी धम्मपालने आठवडाभर पुढे ढकललेली प्रवाळं फोनवर कायमची रद्द केली होती. रोशनीने कागदपत्रं आणि कपडे भरले होते. ती माहेरी नाही, शाळेतल्या मैत्रिणीकडे मयूर विहारला जाणार होती, कारण तिथे खोली होती. धम्मपाल माशांचा ड्रम दोन्ही हातांनी कवटाळून लिफ्टपाशी उभा होता.

"घर सोडून चाललो आणि आधी मासे?" कौसल्या म्हणाली.

"आई, त्यांना बाहेर जाता येत नाही. आपल्याला येतं."

"तुझ्या बापाला येतंय का बघ," ती म्हणाली.

सुखदेवने नळी गुंडाळून खांद्यावर टाकली होती. "तुम्ही व्हा पुढे. एका मजल्यावर चार घरं. अठरा मजले. मोजून दाखवल्याशिवाय कुणी ऐकणार नाही."

"लिफ्ट वापरू नका, बाबा," धम्मपाल म्हणाला. मग आपण स्वतः लिफ्टसमोर उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ड्रम उचलून जिन्याची वाट धरली.

सुखदेव खालून सुरुवात करणार होता. पण अठराव्या मजल्यावरचा माणूस उतरायला जास्त वेळ लावतो आणि पहिल्या मजल्यावरचा लगेच उतरतो, हे त्याने मनात पडताळून पाहिलं. जास्त वेळ लागणारे आधी. तो जिना चढू लागला. गुडघे दुखत होते. दर मजल्यावर तो दोन श्वास थांबायचा, तिसरा नाही.

दुपार होती. अठराव्या मजल्यावर एका घरातून कुकरची शिट्टी आली, एका घरात टीव्हीवर मॅच चालू होती. त्याने पहिली बेल दाबली. दार साखळीएवढं उघडलं. एका बाईने त्याच्या खांद्यावरच्या नळीकडे पाहिलं.

"आरओ की सर्विस हो चुकी है, भैया," ती म्हणाली आणि दार लावलं.

सुखदेवने पुन्हा बेल दाबली.