फॉल न लागलेल्या साड्या

रत्नागिरीच्या रामआळीत एका जिन्याखाली एक मशीन, एक स्टूल आणि दोऱ्यांची फळी एवढं मावतं. उरलेल्या जागेत श्रद्धा पिलणकर मावते. गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. साड्यांना फॉल लावणं आणि पदराला पिको करणं हा तिचा धंदा, आणि समोरच्याला तोंडावर सांगणं हा स्वभाव.

"ही साडी पहिल्या पाण्यात आटणार. आधी भिजवून आणा, मग फॉल."

"नवा फॉल कशाला घेता? जुन्या साडीचा उसवून आणा. अजून दहा वर्षं मरत नाही तो."

स्वतःच्या हाताने स्वतःचं गिऱ्हाईक कमी करणारी बाई म्हणून आळीभर तिची ख्याती. चिंध्यासुद्धा टाकत नाही. त्यांच्या पिशव्या शिवते आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आलेल्याच्या हातात, न मागता, कोंबते.

या तोंडापायी दोन स्थळं परत गेली होती. तिसरं गुहागरचं. समर्थ, बोटीवर इलेक्ट्रिशियन. पहिल्या भेटीत त्याच्या शर्टाचं बटण लोंबत होतं. श्रद्धाने ते तिथल्या तिथे टाचून दिलं आणि वर म्हणाली, "एवढं तरी शिकून घ्या." दुसऱ्या भेटीला तो आला तेव्हा मनगटावरचं एक बटण त्याने स्वतः लावलेलं होतं. पांढऱ्या शर्टाला हिरव्या दोऱ्याने. श्रद्धाला तो तिथेच आवडून गेला.

म्हणून बस्त्याच्या दिवशी, म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून लग्नाची कापडं घ्यायच्या दिवशी, तिच्या आईने, कमळाने, सकाळीच बजावलं, "आज तोंडाला पिको करून चल."

"मी सगळं समर्थला आधीच सांगितलंय आई. मानाच्या साड्या घेणार नाही म्हणून."

"आणि त्याने त्याच्या आवशीला सांगितलंय?"

"सांगतो म्हणाला होता."

कमळाने कपाळाला हात लावला. पुरुषांचं 'सांगतो' म्हणजे काय असतं, हे तिला मासेमारीची बोट चालवणाऱ्या तांडेलाशी संसार करून ठाऊक होतं.

मानाच्या साड्या म्हणजे लग्नात मुलीकडच्यांनी मुलाकडच्या बायकांना द्यायच्या साड्या. चुलतीला, मावशीला, मामीला, मामीच्या जावेला. झुळझुळीत, चकचकीत, आणि अंगाला लावली तर घामाने जीव नकोसा करणाऱ्या. त्या कोणी नेसत नाही. एका लग्नात आलेली दुसऱ्या लग्नात देतात, दुसऱ्यातली तिसऱ्यात, आणि घड्या विटल्या की कुठे परसातल्या भाजीला कुंपण, कुठे लाकडांवर झाकण. मागच्या वर्षी श्रद्धाच्या बाबांच्या, गंगाराम तांडेलाच्या, जाळ्यात बांगड्याबरोबर एक साडी आली. चिखलाने माखलेली, कंपनीचं लेबल मात्र जसंच्या तसं. बाबा हसत हसत ती घरी घेऊन आले. श्रद्धा हसली नाही. तिने ती धुतली, उलटसुलट पाहिली. फॉल लावलेला नव्हता. त्या रात्री तिने ठरवलं, माझ्या लग्नात ही वस्तू नाही.

अकराच्या सुमारास जयगडच्या फेरीबोटीतून गाडी घेऊन मंडळी आली. समर्थ, त्याची आई सुगंधाबाई आणि सुगंधाबाईंचे भाऊ बाबल्यामामा. मामांनी गाडीतून उतरताच पोटावर हात फिरवला.

"सुनबाई, आधी पोटोबा. इथे ते नवं एसीवालं हॉटेल आहे ना? पापलेट म्हणे एक नंबर!"

"त्याच्यापेक्षा चांगल्या ठिकाणी नेते, मामा. चालत."

"चालत?" मामांनी गाडीकडे असं पाहिलं की जणू तिला कायमचं सोडून चाललेत.

वैष्णवीची खानावळ म्हणजे मिरकरवाड्याच्या वाटेवर घरामागची एक पडवी. मामा बसले आणि म्हणाले, "सुरमईची थाळी आण बाय."

"सुरमई नाय," वैष्णवी पाट सरकवत म्हणाली. "आज होडीवाल्यांना बांगडा गावला, म्हणून बांगडा."

"मग पापलेट?"

"बोटाएवढी होती. परत ने म्हटलं त्याला. त्यांना पोरंबाळं होऊ देत आधी."

"बरं, बाटलीचं पाणी तरी?"

"हंड्यातलं आहे. उकळलेलं. मी तेच पिते, अजून जिवंत आहे."

मामांनी हे बहिणीकडे बघत ऐकलं. पण त्रिफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची गरम भाकरी पुढे आली, तसे ते बोलायचे थांबले. थेट चौथ्या भाकरीला म्हणाले, "वाईट नाही." सुगंधाबाईंनी सोलकढीची वाटी दुसऱ्यांदा पुढे केली. कमळाने सुटकेचा श्वास टाकला. श्रद्धा समर्थकडे बघत होती आणि समर्थ बांगड्याचे काटे असे निवडत होता की जणू त्यावर पगार मिळतो. म्हणजे आईला सांगितलेलं नाही!

जेवणानंतर दर्शनशेठच्या कापडाच्या दुकानात गादीवर सगळे बसले. सुगंधाबाईंनी पदर सावरला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "शेठ, आधी मानाच्या काढा. चाळीसेक लागतील."

दर्शनशेठने थप्पी धाडकन आणून ठेवली. कमळाने लेकीला मांडीखालून चिमटा काढला. चिमटा लागलासुद्धा.

"काकी, मानाच्या घ्यायच्या नाहीत."

"म्हणजे? आज नाहीत?"

"कधीच नाहीत."

बाबल्यामामा म्हणाले, "पैशाची अडचण असेल तर..."

"पैसे आईने कधीचे काढून ठेवलेत, मामा. अडचण साडीची आहे. काकी, तुमच्या कपाटात अशा किती असतील?"

"दारच लागत नाही कपाटाचं," मामा बोलून गेले. बहिणीने डोळे वटारले तसे थप्पीतल्या साड्यांचे काठ तपासू लागले.

"त्यातल्या एका तरी साडीला फॉल लावलात?"

सुगंधाबाईंनी थप्पीवरची घडी सारखी केली.

"मी इतकी वर्षं फॉलच लावते, काकी. आळीतल्या निम्म्या साड्या माझ्या हाताखालून जातात. मानाची साडी घेऊन फॉल लावायला एकही बाई आली नाही. नेसायचीच नसते, तर फॉल कशाला? आणि नेसायचीच नसते, तर साडी तरी कशाला?"

"झालं तुझं बोलून?" सुगंधाबाईंचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "तुला ती साडी दिसते. ती साडी नाही गो. तू आमची आहेस, तुला विसरलो नाही, एवढं सांगायला काहीतरी हातात द्यावं लागतं. नवरा गेल्यावर मला कोणी कोणी मांडवात बोलावलं, कोणी टाळलं, ते त्या साड्यांवरूनच कळलं मला. मी घेतल्यात, आणि आता माझ्या पोराच्या लग्नात मी हात हलवत जाऊ?"

हे श्रद्धाने हिशेबात धरलंच नव्हतं. तेवढ्यात समर्थ बोलला.

"आई, तिने मला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. तुला सांगायची माझी छाती झाली नाही. पण मला पटलंय ते."

"तुझ्याशी नंतर बोलते." सुगंधाबाईंनी पर्समधून मोबाईल काढला. "अंजनवेलच्या आक्कांना लावते. माझ्या मोठ्या नणंदबाई. सगळी भावकी त्यांच्या शब्दावर चालते. मी नाही सांगणार. तूच सांग, तुझ्या तोंडाने."

त्यांनी स्पीकर लावला. दर्शनशेठने हळूच पंखा कमी केला. ऐकायचं त्यालाही होतं.

"कोण? नवरी?" आक्कांचा आवाज दुकानभर घुमला. "बोल गो."

"आक्का, लग्नात मानाच्या साड्या देणार नाही आम्ही. तुमच्याकडे मी स्वतः येईन. आमच्या माडाच्या नारळाने ओटी भरीन, नमस्कार करीन. आणि तुमच्या रोजच्या, आवडीच्या साडीचा फॉल झिजला असेल, तर तुमच्या ओटीवर बसून लावून देईन. ज्या घरी जाईन, त्या घरी हेच."

पलीकडे खोकला आला. मग, "मी काय भिकारीण आहे फाटक्याला फॉल लावून घ्यायला? सुगंधा, ऐकत्येस ना? माझा पाय त्या मांडवात पडायचा नाय. माझा नाय, म्हणजे कोणाचाच नाय!"

फोन बंद झाला.

कमळाचे डोळे भरले. "झालं समाधान?" ती लेकीला म्हणाली, आणि विहिणीकडे वळली. "विहीणबाई, हिचं मनावर घेऊ नका. आम्ही घेतो साड्या. शेठ, मोजा."

श्रद्धाला समर्थच्या बाहीवर तो हिरवा दोरा दिसत होता. एक 'बरं' म्हणायचं, बस. मग संध्याकाळपर्यंत सगळं गोड. आणि मग आयुष्यभर, प्रत्येक वेळी, असंच एक 'बरं'.

"मोजा शेठ," ती म्हणाली. "पण आई, या साड्या घेतल्यास तर मला मांडवात धरू नको. साड्या तेवढ्या पाठव गुहागरला. त्यांनाच लावा हळद."

"श्रद्धा!"

"मी रागाने बोलत नाही. खरं बोलते."

दर्शनशेठचा हात थप्पीवर तसाच. बाबल्यामामा उठले. "चल ताई. उशीर झाला. ही मुलगी काही..."

"बस तू," सुगंधाबाई म्हणाल्या.

"ताई, आक्का येणार नाही म्हणतेय!"

"माझ्या लग्नाला तरी कुठे आली होती? मानाची साडी मनासारखी नव्हती म्हणून अंजनवेलला दार लावून बसली. लग्न व्हायचं राहिलं काय माझं?" त्यांनी थप्पी दोन्ही हातांनी दर्शनशेठच्या बाजूला लोटली. "उचला, शेठ. जागा करा."

समर्थला हसू आलं, ते त्याने गिळलं.

"गावात तोंड मला द्यायचंय," सुगंधाबाई श्रद्धाला म्हणाल्या. "तू प्रत्येक घरी माझ्याबरोबर येशील. अंजनवेललासुद्धा. आक्काने दार लावलं तर बाहेर उभी राहशील."

"राहीन."

"आणि विचारलं तर, मी ठरवलं म्हणून सांगायचं. 'सासूने ऐकलं' म्हणायचं नाही. मी ऐकलेलं नाही."

"नाही म्हणणार."

"शेठ, आता हिची काढा. सुती काढा काहीतरी, नाहीतर इथेच भाषण देईल. आणि रंग डाळिंबी. तो मी ठरवणार."

श्रद्धाने समोर उलगडलेली डाळिंबी साडी हातात घेतली, पोत चुरगाळून बघितलं, काठ उलटा केला आणि परत ठेवली.

"निळी दाखवा."

"मी डाळिंबी म्हटलं ना?"

"ऐकलं काकी. पण नेसणार मी आहे. लग्नानंतरही."