गार कोपरा

गरमीवाल्या बाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीला हात लावत, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग नजर छपराकडे, मग माणसांकडे. नमस्कार त्यानंतर, आठवलाच तर! वाढत्या उन्हाळ्याने माणसांची तब्येत कशी बिघडते, याच्या अभ्यासासाठी त्या पुण्याहून डहाणूला आल्या होत्या. मी रानशेतच्या शाळेतला मास्तर, म्हणून त्यांना घरोघर फिरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

बाईंच्या पायाला भिंगरी होती. चारोटीच्या हॉटेलात चहासुद्धा उभ्याने. "बसा हो जरा," म्हटलं तर म्हणायच्या, "ऊन बसलंय का, मास्तर?" भेटेल त्याला पहिला प्रश्न, "रात्री झोप लागली का?" आमच्या हेडमास्तरांनाही विचारला, तेव्हा ते बिचारे लाजले.

रानशेतच्या पाड्यावरच्या काही घरांत त्यांनी तापमान नोंदवणारी काडेपेटीएवढी यंत्रं लावली. पत्र्याखाली माणसं कशी भाजतात ते आकड्यांत दिसलं, तरच कुणी छपरांसाठी काही करेल, हा त्यांचा ध्यास. पुढे आकडे पाहिले तर जानूचं घर भलतंच गार! भर दुपारी बाई माझ्या मोटारसायकलवर बसून निघाल्या.

यंत्र कोपऱ्यात माठाशेजारी, ओल्या गोणपाटावर ठेवलेलं.

"गरमीत कशाला ठेवायचा, मॅडम?" जानूची बायको म्हणाली. "पाहुन्याची वस्तू हाय. गार जागा हीच एक."

मला हसू आलं. बाईंना नाही.

"इथे आधी कोण असायचं?"

"म्हातारी निजायची. तिला दाराकडं सरकवली."

दाराकडे, तापलेल्या पत्र्याखाली, जानूची आई पडली होती. बाईंनी हाक मारली, ओ नाही. अंग कोरडं, रखरखीत. बाईंनी ते गोणपाट तिच्यावर टाकलं, अख्खा माठ ओतला आणि जीप मिळवून तिला दवाखान्यात नेलं. तिथे पायरीवर बाई बसल्या. त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहत होतो आणि मला भीती वाटली. "मी यंत्राची काळजी घ्या म्हणाले होते, मास्तर," एवढंच बोलल्या. म्हातारीने पाणी मागितलं, तेव्हाच उठल्या.

बाई पुण्याला परतल्या, त्यालाही आता काही उन्हाळे झाले. होळी झाली की त्यांचा फोन येतो. झोपेचं विचारत नाहीत. "कोपऱ्यात कोण आहे?" विचारतात. बघितल्याशिवाय कसं सांगणार? मी चप्पल घालतो, वाणगावच्या माझ्या घरातून थेट रानशेतला निघतो.

"अहो," बायको ओरडते, "चहा तरी बसून घ्या!"